शेतीकामात कंबर सांभाळा : काम करण्याच्या व उठण्या-बसण्याच्या योग्य सवयी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू असते त्याची ही काळजी योग्यच आहे. खांदा सुजला तर त्या बैलाला आपण औताला जुंपत नाही. वखराची पास बोथट झाली तर लोहाराकडे नेऊन धार लावून आणतो. परंतु पेरणीपासून वेचणीपर्यंतची सर्व कामे ज्या कंबरेच्या बळावर होतात, त्या कंबरेकडे मात्र दुखणे अंगावर आल्याशिवाय कोणी पाहत नाही. "शेतीचे काम म्हटले की कंबर दुखायचीच" असे म्हणून हा विषय सोडून दिला जातो.

चांदूर रेल्वे तालुक्यातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे. कपाशी, सोयाबीन व तूर ही खरिपाची मुख्य पिके, तर ओलिताची सोय असेल तेथे हरभरा, गहू आणि संत्रा घेतला जातो. पेरणी व मळणीसाठी यंत्रे आली असली तरी निंदण, वेचणी, फवारणी आणि ओझ्याची ने-आण ही कामे आजही मुख्यतः माणसेच करतात. मजूर वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे घरच्या माणसांवर कामाचा ताण अधिकच पडतो. अशा वेळी ऐन वेचणीत घरातील एक व्यक्ती कंबर धरून पंधरा दिवस बाजेवर पडली, तर नुकसान केवळ दवाखान्याच्या खर्चापुरते राहत नाही. फुटलेला कापूस झाडावरच राहतो आणि अवकाळी पावसात भिजतो.

कंबर कष्टाने बिघडते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात कष्टापेक्षा तीन गोष्टी तिला जास्त बाधतात : एकाच स्थितीत फार वेळ राहणे, ओझे अंगापासून दूर धरणे आणि आखूड दांड्याच्या अवजारामुळे विनाकारण वाकावे लागणे. या तीनही गोष्टी बदलता येतात. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, सवय मात्र लावून घ्यावी लागते.

पाठीचा कणा कसा काम करतो?

पाठीचा कणा हा एकावर एक रचलेल्या मण्यांचा बनलेला असतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते, तिलाच आपण बोलीभाषेत 'गादी' म्हणतो. कंबरेच्या भागात पाच मणके असून वरच्या अर्ध्या शरीराचा भार त्यांच्यावर येतो. प्रौढ माणसाच्या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. आपण हालचाल करतो तेव्हा गादी दाबली जाते व पुन्हा सैल होते. या दाबण्या-सुटण्यातून आजूबाजूचे पोषक द्रव्य तिच्यात झिरपते. म्हणून तासन् तास वाकून राहणे जसे वाईट, तसेच तासन् तास एका जागी बसून राहणेही वाईट. एकच एक 'आदर्श बैठक' अशी नसते. बदलत राहणारी बैठक हीच चांगली बैठक होय.

दुसरी गोष्ट म्हणजे, बराच वेळ वाकून काम केल्यावर कण्यामागचे बंध ताणून सैल पडतात. त्यांना पूर्ववत होण्यास वेळ लागतो. दिवसभर निंदण करून उठल्याबरोबर गवताचा भारा उचलताना उसण भरते, ती याच कारणाने. झोपेतून उठल्यावरही काळजी घ्यावी लागते. रात्रभरात गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात व वाकताना त्यांच्यावर अधिक ताण येतो. म्हणून उठल्यानंतर पहिला अर्धा ते एक तास खोल वाकून जड ओझे उचलू नये.

ओझ्याचा हिशेब

पहारीने धोंडा उलथताना लांब टोकावर थोडा जोर दिला तरी धोंडा हलतो, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पाठीच्या बाबतीत हीच तरफ आपल्याविरुद्ध काम करते. कण्यामागचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून केवळ ५ से.मी.च्या आसपास अंतरावर असतात, तर हातातील ओझे मात्र बरेच पुढे असते.

समजा, २० किलोचे टोपले आपण हात लांब करून कण्यापासून ५० से.मी. अंतरावर धरले. त्याला तोलण्यासाठी पाठीच्या स्नायूंना सुमारे २०० किलोचा जोर लावावा लागतो (२० × ५० ÷ ५). तेच टोपले पोटाशी लावून २५ से.मी. अंतरावर धरले तर हा जोर निम्म्यावर, म्हणजे १०० किलोवर येतो. ओझे तेवढेच, माणूस तोच, फक्त अंतर कमी झाले.

आता रिकाम्या हाताने वाकण्याचा हिशेब पाहू. ६० किलो वजनाच्या माणसाच्या कंबरेवरील शरीराचे वजन ढोबळमानाने ३० किलो धरावे. तो पूर्ण वाकला की हे वजन कंबरेच्या सुमारे २५ से.मी. पुढे जाते. म्हणजे हातात काहीही नसताना पाठीच्या स्नायूंवर १५० किलोचा ताण येतो. निंदणाला किंवा सोंगणीला दिवसभर वाकलेली बाई किती ओझे पेलत असते, याची यावरून कल्पना यावी. 'हलके काम' म्हणून जे आपण बायांकडे देतो, ते कंबरेच्या दृष्टीने हलके नसते.

दोष माणसाचा की दांड्याचा?

कंबरदुखीचा दोष माणसाच्या अशक्तपणाला देण्याची चूक अन्यत्रही झाली आहे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात भाजीपाला व साखरबीटच्या शेतात विरळणी-निंदणीसाठी फूट-दीड फूट दांड्याची कुदळ मजुरांना दिली जात असे. ती वापरताना दिवसभर कंबरेतून दुमडून राहावे लागे व त्यामुळे अनेक मजुरांच्या पाठी कायमच्या अधू झाल्या. लांब दांडा दिला तर रोपे तुटतील, काम मंदावेल आणि शेती परवडणार नाही, असे बागायतदारांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले. तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९७५ मध्ये त्या आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी आली. मजुरांनी लांब दांड्याच्या कुदळी घेतल्या आणि पिके पूर्वीसारखीच येत राहिली. माणसे तीच होती, बदलला तो दांडा.

आपल्या देशातही या विषयावर काम झाले आहे. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा शेतीतील श्रमविज्ञान व सुरक्षितता या विषयावर अखिल भारतीय समन्वित प्रकल्प असून त्याचे समन्वयन भोपाळच्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेतून होते. देशातील शेतकरी व शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे व ताकद यांची नोंद या कामातून झाली आहे. अवजार पुरुषाच्या मापाचे आणि वापरणारी स्त्री, असे आपल्याकडे नेहमी घडते, म्हणून या मापांना महत्त्व आहे.

कामानुसार घ्यावयाची काळजी

१) निंदण : उकिडवे बसून निंदण केल्याने कंबरेला थोडा आराम मिळतो, पण गुडघ्यांवर ताण येतो. फार वेळ उकिडवे बसल्यास गुडघ्याच्या बाहेरील बाजूची शीर दबून पायाला मुंग्या येतात. पाऊल वर उचलता न येण्यापर्यंतही पाळी येऊ शकते. म्हणून दर २० ते ३० मिनिटांनी बैठक बदलावी. काही वेळ उकिडवे, काही वेळ एक गुडघा घडी केलेल्या पोत्यावर टेकवून, मग दुसरा गुडघा टेकवून काम करावे. वाफ्यातील किंवा भाजीपाल्याच्या निंदणासाठी चार-सहा बोटे उंचीचा छोटा पाट सोबत ठेवावा. एक तास संपला की उभे राहून, दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुकावे. याला अर्धा मिनिट पुरतो. शक्य तेथे उभ्याने चालवता येणारे चाकाचे कोळपे वापरावे व हाताचे निंदण फक्त झाडाभोवती ठेवावे.

२) डवरणी व वखरणी : डवऱ्याचे किंवा वखराचे रुमणे बुटके असेल तर माणूस दिवसभर पुढे झुकून चालतो. सरळ उभे राहून हात सैल सोडावा व कोपर वाकवून पाहावे. रुमण्याची मूठ कोपराच्या किंचित खाली आली पाहिजे. घरातील दोन माणसांच्या उंचीत फरक असेल तर सुताराकडून रुमण्याला दोन ठिकाणी भोके पाडून मूठ खाली-वर करण्याची सोय करून घ्यावी. चाकाच्या कोळप्यालाही हेच माप लावावे. फावडे, दाताळे व झाडू यांचा दांडा छातीपर्यंत पोहोचेल इतका लांब असावा.

३) कापूस वेचणी : कपाशीची खालची बोंडे आधी फुटतात. त्यामुळे पहिल्या वेचणीत सर्वांत जास्त वाकावे लागते. पुढच्या वेचण्यांत काम कंबर ते खांदा या उंचीवर येते. पहिल्या वेचणीला खालच्या बोंडांसाठी कंबरेतून वाकण्याऐवजी एक गुडघा टेकवून वेचावे.

खरा ताण ओटीचा असतो. ओटीत आठ-दहा किलो कापूस साठला की तो पोटाच्या पुढे लोंबतो आणि त्याला तोलण्यासाठी कंबर सतत आवळलेली राहते. ओटी ४ ते ५ किलोवर रिकामी करावी. ओटीला खांद्यावरून जाणारे दोन रुंद पट्टे शिवून घेतल्यास भार खांदे व कंबर यांत वाटला जातो.

किलोप्रमाणे मजुरी असल्याने बाया ओटी रिकामी करण्यास वेळ घालवत नाहीत, ही अडचण खरी आहे. तिचा हिशेब करून पाहावा. दिवसाला ४० किलो वेचणारी बाई ८ किलोची ओटी पाच वेळा रिकामी करते, ४ किलोची दहा वेळा. पाच खेपा वाढल्या. पोते धुऱ्यावर एकाच ठिकाणी न ठेवता तासांच्या मध्ये दोन-तीन ठिकाणी ठेवले तर एका जादा खेपेला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणजे दिवसाला दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्यात तिची पाठ दहा वेळा सरळ होते. दुपारनंतर कंबर आखडल्याने जो हात मंदावतो, तो वेळ याहून कमी नसतो. पोती जवळ ठेवणे हे शेतमालकाचे काम आहे, हे मात्र लक्षात घ्यावे.

संध्याकाळी गाठोडे बांधल्याबरोबर डोक्यावर घेऊ नये. पाच मिनिटे उभे राहावे, थोडे चालावे, पाणी प्यावे. गाठोडे दोघींनी मिळून उचलून डोक्यावर द्यावे. शक्य असेल तर बंडी किंवा ट्रॉली शेतापर्यंत न्यावी. गरोदर स्त्रिया व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांनी जड ओझे मुळीच उचलू नये. त्यांना कंबरदुखीबरोबरच पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास होण्याची भीती असते. हा त्रास लाजेपोटी सांगितला जात नाही, म्हणून घरातील मोठ्यांनीच ही काळजी घ्यावी.

४) फवारणी : १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरला की पंपाच्या वजनासह २० किलोहून अधिक भार होतो. एकरी दहा-बारा पंप लागतात. पंप जमिनीवरून उचलून पाठीवर झटक्याने घेऊ नये. तो बंडीच्या साटीवर किंवा ड्रमवर, म्हणजे कंबरेच्या उंचीवर ठेवून पट्टे खांद्यात अडकवावे. दोन्ही पट्टे सारख्या लांबीचे, रुंद व पंप पाठीला घट्ट लागेल असे बांधावे. एकाच खांद्यावर पंप लटकवू नये. वजन झेपत नसेल तर १० ते १२ लिटरच भरावे. हाताच्या पंपाचा दांडा एकाच हाताने सतत मारावा लागतो. बॅटरीवरील पंपाने तो त्रास वाचतो.

कपाशी डोक्याच्या वर गेली असेल तर नळी खांद्याच्या वर धरून फवारणी करावी लागते. त्यामुळे मान व खांदा भरून येतो आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे औषध अंगावर व नाकातोंडात जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. त्या वर्षी कपाशी बरीच उंच वाढलेली होती. डोक्याच्या वर फवारणी करणे ही वाईट सवय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. पंप गळत असल्यास पाठ औषधाने भिजते, म्हणून गळका पंप आधी दुरुस्त करावा.

५) सोंगणी व पऱ्हाटी उपटणे : सोंगणीसाठी दातेरी विळा वापरावा. तो ओढला की कापतो, झटका द्यावा लागत नाही. सोयाबीन सोंगताना पाय एकापुढे एक ठेवून पुढच्या मांडीवर मोकळ्या हाताचे कोपर अधूनमधून टेकवावे. पाठीवरचा बराच भार मांडीवर जातो. पऱ्हाटी हाताने उपटू नये. वाकून झटका देणे हे उसण भरण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. चिमटा वापरल्यास तरफ आपल्या बाजूने काम करते व उभ्यानेच पऱ्हाटी निघते. जमिनीत थोडी ओल असताना हे काम करावे.

६) पोती व ओझी उचलणे : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने वाहावयाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो दिली असून स्त्रियांसाठी ती यापेक्षा बरीच कमी असावी असे म्हटले आहे. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे. घरची पोती भरताना मात्र आपण क्विंटलचे पोते शिवतो व नंतर ते एकाच्या पाठीवर देतो. पोते ५० किलोच्या आतच शिवावे.

ओझे उचलताना पुढील नियम पाळावेत :
(अ) ओझ्याच्या अगदी जवळ उभे राहावे व ते अंगाशी लावूनच उचलावे.
(आ) पाय थोडे फाकवून गुडघे व कुल्ले यांतून वाकावे, पाठ गोलाकार करू नये.
(इ) ओझे हातात असताना कंबर पिळू नये. वळायचे असेल तर पावले टाकून वळावे.
(ई) झटका देऊ नये. जड पोते दोघांनी एकाच इशाऱ्यावर उचलावे.
(उ) पोती जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या वर येईल अशा ओट्यावर किंवा फळ्यांवर ठेवावीत. जमिनीवरून उचलण्याचा प्रसंगच टाळणे हा सर्वांत चांगला उपाय होय. पोती उंदीर व ओलीपासूनही वाचतात.

७) ट्रॅक्टर व मोटारसायकल : ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या कण्याला सतत हादरे बसतात. त्यातच मागचे अवजार पाहण्यासाठी मान व कंबर पिळलेली असते. सीट आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्यावी, तिची फाटलेली गादी बदलावी. मागे पाहताना फक्त मान न वळवता खांद्यासह वळावे व डावी-उजवी बाजू आलटून-पालटून घ्यावी. दर तासाला खाली उतरून चार पावले चालावे. उतरताना उडी मारू नये, ट्रॅक्टरकडे तोंड करून पायरीवरून उतरावे. दोन-तीन तास ट्रॅक्टर चालवल्यावर लगेच पोती उतरवू नयेत. मोटारसायकलवर खड्ड्यांच्या रस्त्याने पोते किंवा दुधाचे कॅन नेताना भार दोन्ही बाजूंना सारखा बांधावा.

८) गोठा व घर : पहाटे उठल्याबरोबर शेण काढणे ही आपली रीत आहे. आधी गुरांना कडबा-कुटार टाकणे, पाणी दाखवणे अशी उभ्याने होणारी कामे करावीत व शेण नंतर काढावे. शेणासाठी लांब दांड्याचे फावडे व एकचाकी गाडा वापरावा. घमेले अर्धेच भरावे. धार काढताना दर एका जनावरानंतर उभे राहून पाठ मागे झुकवावी. झाडू लांब दांड्याचा असावा. घरात नवीन ओटा बांधताना तो स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या कोपरापेक्षा चार-सहा बोटे खाली येईल असा बांधावा, गवंड्याच्या सवयीने नव्हे. पाणी आणताना एका हातात मोठी बादली घेण्याऐवजी दोन हातांत दोन लहान कळशा घ्याव्यात.

९) बसणे, झोपणे व मोबाईल : डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. मान खाली घालून मोबाईल पाहताना वर सांगितलेला तरफेचा हिशेबच मानेला लागू होतो. मोबाईल छातीच्या उंचीवर धरावा व अर्ध्या तासाने ठेवून द्यावा. दिवसभर वाकलेल्या कंबरेला संध्याकाळी पारावर पाठ गोल करून बसण्याने आराम मिळत नाही. भिंतीला पाठ टेकवून बसावे किंवा थोडा फेरफटका मारावा. झोपताना बाज सैल असल्यास नवार ताणून घ्यावी. कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांत उशी घेतल्यास कंबरेला आराम पडतो. उठताना सरळ उठून न बसता आधी कुशीवर वळावे व हाताच्या आधाराने उठावे.

पेरणीच्या वेळीच कंबरेचा विचार

पिकाचे नियोजन व कंबरेचे दुखणे यांचा जवळचा संबंध आहे. सोयाबीन पहिले ३० ते ४५ दिवस व कपाशी सुमारे ६० दिवस तणविरहित ठेवणे उत्पादनासाठी आवश्यक आहे. याच काळात तण लहान असताना डवरणी झाली तर हाताचे निंदण पुष्कळ कमी होते. तण गुडघ्याएवढे वाढू दिले की ते उपटण्यास अधिक जोर व अधिक दिवस लागतात. सोयाबीन ४५ × ५ से.मी. अंतरावर पेरल्यास डवरा सहज चालतो. कपाशीची चौफुली लागवड केल्यास दोन्ही दिशांनी डवरणी करता येते व झाडाभोवती थोडेच तण हाताने काढावे लागते. जेथे मजूर मिळत नाहीत तेथे उगवणीपूर्व तणनाशक लेबलवर दिलेल्या मात्रेतच वापरावे.

कपाशीला नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा जास्त दिल्यास झाडे नुसती उंच वाढतात. नत्र शिफारशीनुसार विभागून द्यावे आणि वाढ अनावर होत असल्यास योग्य वेळी शेंडे खुडावेत. झाड छातीच्या उंचीपर्यंत राहिले तर फवारणी व वेचणी दोन्ही सुलभ होतात. सुधारित कोळपी, विळे व इतर अवजारांसाठी विद्यापीठाकडे, तसेच दुर्गापूर (बडनेरा) व घातखेड येथील कृषि विज्ञान केंद्रांकडे चौकशी करावी. अवजार विकत घेण्यापूर्वी ते घरात जी व्यक्ती वापरणार आहे तिच्या हातात देऊन पाहावे.

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. शेतीकाम कष्टाचे असले तरी ते एकांगी असते. पुढे वाकणे भरपूर, मागे झुकणे जवळजवळ नाही. व्यायामाने ही भरपाई करावयाची असते. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली होती. वऱ्हाडाला व्यायामाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. रोज दहा मिनिटे पुढील प्रकार करावेत :
(१) पालथे झोपून भुजंगासन, ५ वेळा.
(२) हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळू वर-खाली करणे, १० वेळा.
(३) उताणे झोपून गुडघे दुमडून कुल्ले वर उचलणे, १० वेळा.
(४) भिंतीचा आधार घेऊन संथपणे बैठका, १० ते १५.
हे प्रकार सकाळी उठल्याबरोबर न करता थोडे फिरून आल्यावर करावेत. करताना पायात कळ गेली तर तो प्रकार थांबवावा.

दुखणे आल्यास

साधी उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. एक-दोन दिवस जड काम टाळावे, शेक घ्यावा. परंतु दिवसचे दिवस बाजेवर पडून राहू नये. जेवढे सोसवते तेवढे चालणे-फिरणे चालू ठेवल्यास दुखणे लवकर हटते. पाठीवर पाय देऊन तुडवणे, कोणाकडूनही मणके 'बसवून' घेणे हे प्रकार टाळावेत. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज घेतल्याने पोट व मूत्रपिंड यांना इजा होते.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास मात्र त्वरित डॉक्टरांना दाखवावे : लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, लघवी अडणे, बैठकीची जागा बधिर होणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, पाठदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणे, पडल्यानंतर सुरू झालेले तीव्र दुखणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे. यांपैकी पहिल्या चार लक्षणांत एक दिवसाचा उशीरही पाय कायमचा अधू करू शकतो.

सुरुवात कोठून करावी?

वर सांगितलेल्या सर्व गोष्टी एकदम अमलात येणार नाहीत. या हंगामात तीनच गोष्टी ठरवाव्यात. पहिली, कामात दर तासाला अर्धा मिनिट उभे राहून पाठ मागे झुकवणे. दुसरी, कोणतेही ओझे अंगाशी लावूनच उचलणे. तिसरी, घरातील प्रत्येक अवजाराचा दांडा वापरणाऱ्याच्या उंचीशी ताडून पाहणे व आखूड असेल तर बदलणे. या सवयी स्वतःपुरत्या न ठेवता शेतात येणाऱ्या मजूर बायांनाही सांगाव्यात व त्या पाळण्यास त्यांना वेळ द्यावा. बैल थकला की आपण औत थांबवतो. माणसाच्या बाबतीत तेवढा विचार केला तरी हंगामातील पुष्कळ दुखणी टळतील.